मधल्या नऊ खुर्च्या

ग्रामसभेच्या इतिवृत्तात 'तटस्थ' हा शब्द मी एकोणतीस वर्षं लिहीत आलोय. जुलैत तो नऊ माणसांना लावला आणि तेव्हापासून तो शब्द काही डोक्यातून जात नाही.

मी पंचायत सचिव. पंचायतीचं नाव सांगत नाही. गोव्यात नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातला गाव, एवढं पुरे. बाहेरच्यांना वाटतं ग्रामसभा म्हणजे भांडणं आणि भाषणं. आमच्यासाठी ग्रामसभा म्हणजे हजेरीबुक. रविवारी साडेदहाची वेळ दिलेली असते. लोक येतात, सही ठोकतात आणि मासळी संपायच्या आत बाजार गाठतात. अकरा वाजता वहीत सह्या शंभर, खुर्च्यांवर माणसं चाळीस. बोलणं सगळं कोंकणीत, इतिवृत्त मराठीत आणि त्यावर वरून येणाऱ्या शंका इंग्रजीत. या तीन घरांत फिरताना जो अर्थ सांडतो, तो सचिवाच्या माथी.

त्या रविवारी मात्र कोणी पळालं नाही. विषय होता देवळासमोरचं मैदान. तिथं संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात, काल्याला दशावतारी नाटक होतं. सरपंचांना तिथं सभागृह बांधायचं होतं. त्यांनी तोंडी सांगितलं, मी एका ओळीत बसवलं: 'देवळासमोरील मैदानात बहुउद्देशीय सभागृह बांधण्यास ग्रामसभेची मंजुरी आहे काय?' हो किंवा नाही. माझा मसुदा सुटसुटीत असतो हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आता मोजणीचं. हात वर करून मतदान ही फसवी गोष्ट आहे. एखादा दोन्ही हात वर करतो. एखादी कडेवरच्या पोराचाही हात धरून वर करते. व्हरांड्यातले खिडकीतून बोटं दाखवतात, आणि ज्याचं नाव गावच्या मतदारयादीतच नाही त्याचा हात सगळ्यांत उंच. म्हणून मी हात मोजत नाही, माणसं मोजतो. 'हो'वाले खिडक्यांकडे, 'नाही'वाले कपाटाकडे. जाताना प्रत्येकानं यादीतला अनुक्रमांक सांगायचा, मी टिक करायची. मग कारकून एका टोकाकडून मोजतो, शिपाई दुसऱ्या टोकाकडून, एकमेकांना आकडा न सांगता. जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या पंचायतींत 'बहुमताने संमत' असं नुसतं अंदाजानं लिहून मोकळे होतात; माझ्या इतिवृत्तात आकडा असतो. एक दोष आहे, तो कबूल करतो. कोण कुठे उभा राहिला ते सगळ्या गावाला दिसतं. आमचे काही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, अजून भाटकाराकडे, त्या जमीनमालकाकडे, एक नजर टाकल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीत.

खुर्च्या सरकल्या, गोंगाट झाला, दोन्ही भिंती भरल्या. मधल्या रांगेत एक बाई तशीच बसून. स्वयंसहाय्य गट चालवते ती. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"वहिनी, कुठल्या तरी बाजूला व्हा."

"माझी बाजू तुम्ही केलीच नाही," ती म्हणाली. तिच्या गटाला पापड-लोणची घालायला, बैठका घ्यायला सभागृह हवंच होतं. पण तिचा मुलगा त्याच मैदानात खेळतो. तिचं म्हणणं, सभागृह बांधा, पण बंद पडलेल्या सरकारी मराठी शाळेच्या जागेत. छप्पर गळतंय, आवारात रान माजलंय, कुलूप गंजलंय. त्याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. मला हे सुचायला हवं होतं.

सरपंच म्हणाले, तो आजचा विषय नाही. नियमानं ते बरोबर होतं. गटविकास कार्यालयानं पाठवलेले निरीक्षक मोबाईलमधून मान वर न काढता 'हो, हो' म्हणाले. तेवढ्यात कपाटाकडचे पाच आणि खिडक्यांकडचे तीन जण परत येऊन तिच्या आजूबाजूला बसले.

भिंतीला टेकून एक ऐंशीपलीकडचे आजोबा होते. चालता येत नाही म्हणून त्यांची टिक मी खुर्चीतच केली होती. ते हसायला लागले. "सेक्रेटरीबाब, सदुसष्ट सालीही असंच. फूल नाहीतर दोन पानां. मला हवं होतं ते कागदावर नव्हतंच."

मग तुम्ही फुली मारली कशावर, कोणीतरी विचारलं.

"ते नाही सांगणार. ते मतदान गुप्त होतं, तुमच्यासारखं भिंतीला उभं करून नव्हतं."

16 जानेवारी 1967 चा जनमत कौल आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलोय. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित, राहायचं तर दोन पानं. आपल्या घटनेत सार्वमताची सोय नाही, म्हणून संसदेनं त्यासाठी 1966 मध्ये वेगळा कायदा केला. भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार त्याआधी पायउतार झालं. संघप्रदेशाला 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हतं, त्यावरूनही तेव्हा रण माजलं होतं. आणि दोन महिन्यांनी, मार्चच्या निवडणुकीत, त्याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या बांदोडकरांच्या मगोलाच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) पुन्हा सत्तेवर बसवलं! लोकांना पक्ष कळतो आणि प्रश्नही वेगळा कळतो, हे आमच्या पंचमंडळींना अजून उमगलेलं नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण घटक राज्य हा तिसरा पर्याय त्या कागदावर नव्हता आणि ते मिळायला 30 मे 1987 उजाडावा लागला, हे आजोबांच्या हसण्याआधी मी कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

आकडे असे: हो 74, नाही 71, मध्ये 9. ठराव संमत.

त्या रात्री मी स्वित्झर्लंडचं वाचत बसलो. (बायको म्हणाली, रविवारीही पंचायतच?) ग्लारुस नावाच्या कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या एका राज्यात, मे महिन्यातल्या रविवारी हजारो मतदार चौकात जमतात आणि रंगीत कार्ड वर करतात. अध्यक्ष नुसत्या नजरेनं बहुमत ठरवतो, डोकी मोजत नाही. हे वाचून माझा जीव खाली-वर झाला. पण पुढचं वाचलं आणि गप्प बसलो. तिथं कुणीही मतदार उभा राहून मूळ प्रस्तावात बदल सुचवू शकतो. 2006 साली सरकारनं 25 नगरपालिकांच्या 10 करायचा प्रस्ताव आणला. एका नागरिकानं तीनच करा म्हटलं आणि सभेनं तीन केल्या. ती सूचना ऐकून घेणं हा त्या दिवशीचाच विषय धरला गेला. आणि देशपातळीवर, लोकांचा प्रस्ताव आणि संसदेचा पर्याय दोन्ही समोर असतील तर दोन्हींना 'हो' म्हणायची मुभा तिथं मतदारांनीच 1987 मध्ये आणली. दोन्ही संमत झाले तर कुठला लागू करायचा, हे वेगळं विचारतात. 1987 मध्येच!

इतिवृत्त लिहायला बसलो. आमच्या नमुन्यात तीन रकाने: बाजूने, विरुद्ध, तटस्थ. नऊ जणांना मी तटस्थमध्ये टाकलं. दुसरा रकानाच नव्हता.

चार दिवसांनी ती बाई इतिवृत्ताची प्रत घ्यायला आली. काउंटरवरच वाचली. 'तटस्थ'वर बोट ठेवून विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, मध्ये राहिलेले, कुठल्याच बाजूला नसलेले.

"हांव मदीं ना," ती म्हणाली. "तिसरे कडेन आसां."

मग पिशवीतून अर्ज काढला. जुन्या शाळेच्या जागेचा विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यावा म्हणून. खाली नऊ सह्या, आणि आजोबांची दहावी, थरथरती. मी आवकचा शिक्का मारला, पोच दिली. कारकुनानं नोंदवहीत विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'सभागृहाबाबत तक्रार.' मी 'तक्रार' खोडून 'सूचना' केलं.

इतिवृत्तातला शब्द अजून तसाच आहे. ऑक्टोबरच्या सभेत ते वाचून कायम व्हायचंय.