'अपडेट आलंय, करू का?' तुम्ही विचारलंत म्हणून

नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, दहा वर्षांपूर्वी एकत्र काम केलेली माणसं मध्येच कधीतरी स्क्रीनशॉट पाठवतात आणि खाली एकच ओळ असते: "नवीन व्हर्जन आलंय, करू का?" सॉफ्टवेअर तपासणीत चौदा वर्षं काढली म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी "थांबा जरा" म्हटलं की लगेच दुसरा येतो: "आणि तुझ्या आईच्या फोनवर अजून जुनंच कसं? तूच तर आमच्या मागे लागायचीस." हो, मीच लागायचे. दोन्हींचं उत्तर एकदाच देते. लांबेल, पण पुन्हा तुकड्यातुकड्यांत द्यायची ताकद नाही.

तुमचा प्रश्न एक वाटतो, पण त्यात दोन आहेत. सुरक्षेचा पॅच वेगळा आणि आवृत्ती बदलणं वेगळं. पॅच म्हणजे सापडलेलं भोक बुजवणं. तो आला की बहुतेक वेळा पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही. आवृत्ती बदलली की मात्र सगळ्या घराचीच मांडणी हलते. पॅचबद्दल माझं मत कधीच डळमळलं नाही: आला की घ्या. "मी कुठली लिंक उघडतच नाही, मला कशाला?" असं म्हणणाऱ्यांना मी 2015 ची स्टेजफ्राइटची गोष्ट सांगते. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात चूक होती, आणि नुसता एक मल्टिमीडिया मेसेज फोनवर येऊन पडणंही पुरेसं ठरू शकत होतं. तुम्ही तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, अँड्रॉइडचे पॅच दर महिन्याला निघायला लागले. आयफोनवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 14.8 ने जे भोक बुजवलं, त्यातून पेगासस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरत होतं, तेही मालकाचं बोट कुठेही न लागता.

म्हणून मी सांगायचे: अपडेट न करणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या ठामपणे ऐकवलंय की आजही लोक तेच माझ्या तोंडावर फेकतात. तेव्हा ते चुकीचं नव्हतं. पण त्या दाराच्या आत कोण राहतं, याचा विचार मी केला नव्हता.

आईच्या डोळ्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिची मधली नजर गेली आहे. कडेकडेने दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण खांद्यावरची ओढणी दिसते. फोन ती वाचत नाही, तिला तो जागांनी पाठ आहे. खाली डावीकडे फोन, त्याच्या वरच्या रांगेत दुसरा माझा फोटो, म्हणजे मला कॉल. वाजला की खालच्या हिरव्या गोळ्यावर अंगठा ठेवायचा आणि उजवीकडे ओढायचा. एवढं शिकायला तिला आठ महिने लागले. मी नव्हते तेव्हा तिने एकटीने बसून सराव केला होता.

2024 च्या सुरुवातीला तिच्या फोनवर अँड्रॉइड 14 आलं. त्यात अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत मोठी करायची सोय होती, आणि तीही शहाणपणाने केलेली: आधीच मोठी असलेली अक्षरं कमी वाढतात, बारीक असलेली जास्त, म्हणजे पडदा फुटून जात नाही. मला वाटलं, हे तर आईसाठीच केलंय. सुरक्षाही आली, अक्षरंही आली. शनिवारी रात्री ती झोपल्यावर मी तिचा फोन चार्जरला लावला आणि बटण दाबलं. तिला विचारलं नाही. सकाळी अक्षरं मोठी करून दिली, तिला दाखवली, ती हरखली. कॉल घ्यायचा पडदा बदललाय हे माझ्या लक्षात आलं होतं. फोन बनवणाऱ्या कंपनीने आपल्या रंगरूपात बदल केला होता, आणि आता गोळा बाजूला नाही, वर ढकलायचा होता. मी माझ्या फोनवरून एकदा कॉल करून दाखवलं. "असं वर." ती म्हणाली, "हो, कळलं." दुपारी मी निघाले.

सोमवारी तिने फोन उचलला नाही. मंगळवारीही नाही. अंघोळीला गेली असेल, झोपली असेल, फोन आतल्या खोलीत राहिला असेल, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. मंगळवारी रात्री तिचाच कॉल आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. आवाज सपाट होता. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "उचलत का नाहीस?" "राहून गेलं." एवढंच. बुधवारी पुन्हा नाही. गुरुवारी सकाळी मी शेजारच्या काकूंना फोन करून बघून यायला सांगितलं. त्यांनी त्यांच्या फोनवरून लावून दिला आणि आईच्या हातात दिला.

ती म्हणाली, "वाजतो गं. मी हिरव्यावर बोट ठेवते, बाजूला ओढते, तो तिथेच राहतो. मग थांबतो वाजायचा. मला वाटलं, माझ्या बोटातलंच काहीतरी गेलं." आणि मग थोडं थांबून, "डोळे गेलेच होते. म्हटलं आता डोकंही चाललं."

चार दिवस ती हे धरून बसली होती. फोन बिघडलाय असं तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण फोन तर मी नुकताच नीट करून दिला होता. मावशीचे सहा मिस्ड कॉल पडले होते. मावशी रुसली, तेही आईला स्वतःचीच चूक वाटलं. मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "तू इतकं हौसेने केलंस. आणि एकदा दाखवलं होतंस ना." तेव्हापासून "एकदा दाखवलं की कळतं" हे वाक्य मी कोणासमोर उच्चारलेलं नाही.

त्या रात्री मी जुनी आवृत्ती परत टाकता येते का ते शोधत बसले. तिच्या मॉडेलवर येत नव्हती. आता यातही मला दोन मनं आहेत, आणि मी लपवणार नाही. मागे फिरण्याची वाट मुद्दाम बंद केलेली असते. अँड्रॉइड 8 पासून तशी सोय आहे, आणि ॲपलसुद्धा नवी आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत जुनीवर सही करणं थांबवतं, मग ती फोनवर चढतच नाही. कारण सरळ आहे. जुनी आवृत्ती परत टाकता आली, तर चोरालाही टाकता येईल, आणि तिच्यातली बुजवलेली भोकं पुन्हा उघडतील. एक तपासनीस म्हणून मला हे शंभर टक्के पटतं. एक मुलगी म्हणून त्या रात्री मला ते कुलूप फोडावंसं वाटत होतं.

माझी बहीण माझ्याहून स्पष्ट बोलते. ती म्हणाली, "अपडेटला कशाला शिव्या देतेस? तू बटण दाबलंस आणि निघून गेलीस." मी खूप भांडले तिच्याशी. शुक्रवारी आईकडे गेले आणि सुलभतेच्या सेटिंगमध्ये दीड तास शोधल्यावर सापडलं: ढकलण्याऐवजी नुसतं टेकवून कॉल घ्यायची सोय तिथे होतीच. तीन पायऱ्या आत. ती शनिवारीच लावून दिली असती तर यातलं काही झालं नसतं. म्हणजे बहीण बरोबर होती का? अर्धी. कारण सोय लावल्यावरही आईचा अंगठा कित्येक आठवडे बाजूलाच ओढत होता. कधी कॉल लागायचा, कधी कटायचा. आठ महिन्यांचं वळण एका टिचकीने पुसता येत नाही. आणि ज्याला ती सोय सगळ्यात जास्त लागणार, त्यालाच ती शोधता येणार नाही, अशा जागी ती ठेवणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही?

त्यानंतर मी उलट्या टोकाला गेले. आईच्या फोनवरचं सगळं आपोआप होणारं बंद केलं. सिस्टिम नाही, ॲप नाही, काही नाही. लोकांनाही तेच सांगायला लागले, त्याच जुन्या ठामपणाने. "फोन चालतोय ना? हात लावू नका." माझं ऐकून कोणी पॅचही थांबवले असतील, तर ते माझ्यामुळे. ते मी चुकीचं सांगितलं. आणि नुसतं सिस्टिमला हात न लावल्याने बचाव होतो, हेही खरं नव्हतं. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलच्या फोन ॲपचा कॉलचा पडदा अनेकांच्या फोनवर एका रात्रीत बदलला, आणि मला फोन यायला लागले: "आम्ही तर अपडेट केलंच नव्हतं!" सिस्टिम केली नव्हती. ॲप आपोआप झालं होतं.

अपडेटने फोन मंद होतो का, हे थोडक्यात सांगते, कारण खरा प्रश्न तो नाही. पहिले एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी उतरते, कारण आत ॲप्स नव्याने बांधली जातात, फोटोंची पुन्हा छाननी होते. त्यावरून घाबरू नका. पण "मुद्दाम मंद करतात" म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढायचे, ते आता काढत नाही. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की जुन्या बॅटरीचे आयफोन एका अपडेटनंतर हळू चालवले जात होते. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं कारण दिलं. कारण खरं होतं. पण ते आधी सांगितलं नव्हतं. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचे दर उतरवले, आणि पुढच्या वर्षी बॅटरीची तब्येत दाखवणारा पडदा दिला.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती मला कोणी विचारत नाही. बऱ्याच फोनांवर नवी आवृत्ती आली की पुढचे पॅच तिच्यावरच येतात. जुनीवर राहायचं तर भोकं तशीच ठेवून राहायचं. म्हणजे मघाशी मी जे दोन प्रश्न वेगळे केले, ते फोन बनवणाऱ्यांनी पुन्हा एकत्र शिवून टाकलेत. हे अशक्य म्हणून नाही. 2021 मध्ये आयओएस 15 आलं तेव्हा ॲपलने 14 वर राहून नुसते सुरक्षेचे पॅच घ्यायची मुभा दिली होती. मी किती खूश झाले होते! जानेवारी 2022 मध्ये कळलं की ती मुभा थोड्या दिवसांपुरतीच होती. पण 2013 च्या आयफोन 5एसला त्यांनी जानेवारी 2023 मध्येही जुन्याच आयओएस 12 वर पॅच दिला. नवी आवृत्ती ज्या फोनला झेपत नाही त्याला जुनीवर सांभाळतात. ज्या माणसाला झेपत नाही त्याला नाही.

सात-सात वर्षं अपडेट देण्याच्या घोषणा होतात, पिक्सेल 8 पासून, गॅलक्सी एस24 पासून. चांगलंच आहे. फोन लवकर टाकून द्यावा लागणार नाही. पण सात वर्षांत सात वेळा घराची मांडणी बदलणार असेल, तर आईने सात वेळा शिकायचं? तिच्यासारखे कितीतरी असतील, ज्यांची बोटं नीट वळत नाहीत, ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांनी फार कष्टाने एक वाट पाठ केलीय.

तरीही तुम्ही "मग करू का?" असं विचारलंत, तर तुमच्या फोनवर करा. थोडे दिवस थांबून, बॅकअप घेऊन, पण करा. माझ्या फोनवर मी करते. दुसऱ्याच्या फोनवर करणार असाल, तर पुढचा सगळा आठवडा त्याच्याजवळ बसायची तयारी आहे का, एवढं मला आधी सांगा. नसेल तर? तिथे मी अडकते. 2015 ची ती गोष्ट मला आईच्या बाबतीतही लागू आहे. तिच्या फोनवर मेसेज येतातच.

आत्ता तिच्या फोनवर पुढची आवृत्ती येऊन थांबली आहे. सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा पॅचची जी तारीख दिसते, ती आठ महिन्यांपूर्वीची आहे. पुढचे सगळे पॅच त्या बटणाच्या पलीकडे आहेत. गेल्या रविवारी मी नवी आवृत्ती टाकलेला माझा फोन तिच्या हातात दिला आणि बहिणीला दुसऱ्या खोलीतून कॉल करायला सांगितला. पहिले चार तिने घेतले नाहीत. पाचवा घेतला, सहावा सुटला. अकरा कॉलनंतर तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "माझ्यावर अजून नको घालूस. पण पुढच्या वेळी हाच आण."

रविवारी पुन्हा बसणार आहोत.