इंची आटे, मिलिमीटरचे आटे : आमची वाटचाल

आमचं दुकान मूळचं मोटार रिवाइंडिंगचं. सांगलीच्या आसपास उसाला पाणी देणाऱ्या पंपाच्या मोटारी जळल्या की वडिलांकडे यायच्या, मी शाळेतनं आलो की तिथंच बसायचो. पहिली बेस गिटार आली ती एका ऑर्केस्ट्रातल्या पोराची, पिकअप (तारेखालचं, तारेचा आवाज पकडणारं चुंबक-गुंडाळीचं भांडं) भरून पाहिजे होता, तांब्याची तार म्हणजे आमचाच विषय म्हणून वडील हो म्हणाले. तिथंच कळलं की पिकअपची 42 गेज म्हणजे अमेरिकन गेज, 0.063 मिमी, आणि आपल्याकडं ब्रिटिश गेजवर 42 नंबर मागितली तर 0.1 मिमीची हातात येते. ती घातली असती तर अर्धे वेढेसुद्धा बसले नसते.

मग मिरजेतनं, इस्लामपुरातनं लोक यायला लागले. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे एवढे मोठे कारागीर आहेत, पण बेसच्या लोखंडी सामानाला कोण हात लावत नव्हतं.

सुरुवातीची एक चूक अजून मनात आहे. रेल्वेतनं रिटायर झालेले एक काका फेंडर कंपनीची जुनी अमेरिकन प्रिसिजन बेस घेऊन आले, ब्रिजच्या (तारा जिथं अडकवतात त्या पट्टीच्या) एका सॅडलचा, म्हणजे तार ज्यावर टेकते त्या तुकड्याचा, उंचीचा स्क्रू हरवलेला. मी बाजूचा स्क्रू व्हर्नियरनं मोजला, साडेतीन मिमी, लगेच मेट्रिक साडेतीनचा आणून लावला. दोन आटे गेला आणि अडकला, मला वाटलं गंज असंल, म्हणून पाना जोरात फिरवला आणि सॅडलचे आटे गेले. तो होता 6-32, म्हणजे इंचाला 32 आटे, दोन आट्यांत 0.79 मिमी अंतर, आणि माझ्या स्क्रूचं 0.6. जाडी सेम, चाल वेगळी. काका काहीच बोलले नाहीत, सॅडल रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं फक्त. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मित्रानं दुसरं सॅडल करून दिलं, पैसे आम्ही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आटे मोजायची थ्रेड गेज घेतली, आता आटे मोजल्याशिवाय दुकानात कुणी स्क्रू लावत नाही.

गिटार कुठली, कुठल्या काळातली, ही ओळख पटवायचं काम तिथनंच सुरू झालं. पॉटचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाचा, दांडा दोन सुती, म्हणजे 6.35 मिमी असला तर बहुतेक अमेरिकन, 6 मिमी असला तर जपानी किंवा नंतरचा. पॉटच्या पाठीवर आकडे असतात, समजा 1376633, तर 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 66 साल आणि 33 वा आठवडा. पण तेवढ्यावर गिटार 1966 ची म्हणू नका, फेंडरनं त्या साली पॉटचा मोठा साठा घेतला होता, तो पुढं काही वर्षं वापरात होता. पॉटवरनं एवढंच कळतं की गिटार त्याच्या आधीची नाही, आणि तेही पॉटवरच्या तारेचा सोल्डरचा डाग मूळचा असला तरच. म्हणून आम्ही आधी डाग बघतो, परत दिलेला डाग लगेच दिसतो.

2019 च्या महापुरानंतर महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. बेसच्या तारा आवळायच्या किल्ल्यांत गाळ, पॉट फिरत नाहीत, स्क्रू लाकडात धरून बसलेले. असा स्क्रू पिळून काढला की डोकं तुटतं, त्यामुळं डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवायचं, गार होऊ द्यायचं, मग हळू आधी आवळायचं आणि नंतर सोडवायचं. निकेलला सँडपेपर लावायचा नाही, तेलात रात्रभर ठेवून जुन्या टूथब्रशनं घासायचं. प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर गिटारचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवायचो. त्यात काकांची बेस पण होती, आम्ही करून घेतलेलं ते एक सॅडल पितळेचं होतं म्हणून गंजलं नाही, बाकीची तीन लोखंडी, ती वाचवायला चार दिवस गेले.

तर गिटार आणताना निघालेला स्क्रू, तुटलेली किल्ली, जुना पॉट, काही टाकू नका, सगळं पिशवीत घालून घेऊन या.