पाच वाजता आलेल्याची हजेरी

आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असे आणि बाकीच्यांना नीतिशिक्षणाचा. आठवीत मात्र सिस्टरांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. तोवर आम्हाला बायबल माहीत होतं ते नाताळच्या नाटकापुरतं. (मला कायम मेंढराचं काम.)

त्या वर्षी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातल्या गोष्टीवरून वर्ग पेटला. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एक दीनार रोज ठरवून मजूर लावतो. पुढे नऊला, बाराला, तीनला आणि थेट संध्याकाळी पाचलाही आणखी माणसं आणतो. हिशेबाच्या वेळी सगळ्यांच्या हातावर एकेकच दीनार, तोही शेवटी आलेल्यांना आधी!

आमच्यातली निम्मी मुलं निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांची. छाटणीला, थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) घरच्या वहीत हजेरी मांडणारी. एक जण ताडकन उठला, "सिस्टर, मग उद्या सगळे पाचलाच येतील!" वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एकाचे वडील रोज मजूर नाक्यावर उभे राहत. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "पाचपर्यंत नाक्यावर कोण उरतं? म्हातारे नि आजारी. धट्टेकट्टे आठलाच टेम्पोत बसून जातात."

सिस्टरांनी तेच धरलं. पहाटेच्या मजुराला ठरलेला रोज पुरता मिळाला, तो न्याय. पाचच्या मजुराच्या घरीही खाणारी तोंडं तितकीच, म्हणून त्यालाही दिवसाचा रोज; ती कृपा. न्याय बुडवून दया करता येत नाही आणि न्याय केला म्हणजे सुटलो असंही नाही, असं त्या म्हणाल्या. मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, ही बायबलातल्याच लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातली आज्ञाही त्यांनी फळ्यावर लिहिली. गोष्ट मुळात स्वर्गाच्या राज्याची, मजुरीच्या दराची नव्हे, असंही बजावलं. पण आमचा नाशिकचा वर्ग द्राक्षांवरून हलेल तर शपथ.

आता बाग मी आणि भाऊ बघतो. अवकाळीनं दुपारीच काम थांबलं की पेठ-सुरगाण्याच्या टोळीला अर्धी हजेरी लावायची की पूर्ण, यावर आमचं दर हंगामात वाजतं. भाऊ म्हणतो, "भाव पडला तेव्हा आपल्यावर कुणी कृपा केली?" त्याचंही खोटं नाही. गेल्या वर्षी पूर्ण दिली. यंदाचं अजून ठरायचंय.