तळवे दाखवा, माउली

तुटलेली सुई माझ्या उजव्या पायाच्या तळव्यात किती दिवस होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तसल्याच एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं मशीनवर बसते. सुई तुटणं आमच्याकडं रोजचंच, तुकडा खाली पडतो, संध्याकाळी झाडून निघतो. 2024 च्या फेब्रुवारीत एका रात्री अंथरुणावर पाय पसरले आणि लेकीला चादरीवर डाग दिसला. तिनं मोबाईलचा उजेड पाडून तळवा बघितला आणि भुवयांच्या चिमट्यानं बोटाच्या पेराएवढं टोक ओढून काढलं. ती रडत होती. मी मात्र निवांत बसले होते, कारण मला दुखतच नव्हतं. काय झालंय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, शुगरनं पाय बधिर केले होते.

शुगर अकरा वर्षांपासून होती. ज्यांच्याकडं दाखवत होते ते रिपोर्टवरचे आकडे बघायचे, गोळी बदलायचे. चप्पल काढा, पाय बघू, असं कधी म्हणाले नाहीत. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळी होणार नाही. तीन वर्षं तळव्यांना मुंग्या येत होत्या, रात्री कापसावर चालल्यासारखं वाटायचं. मशीनच्या पायट्यामुळं होत असेल म्हणून मीच गप्प राहिले. आमच्या घरात दुखणं न सांगणाऱ्या बाईला सोशीक म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी एक नायलॉनचा दोरा काढला. मासे पकडायच्या गळाला असतो तसा, ताठ. तो टेकवून दाबला की 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा," त्या म्हणाल्या. मी चार वेळा हो म्हटलं. चारच ठिकाणी टेकवला असणार, असं मला वाटलं. त्यांनी दहा ठिकाणी टेकवला होता. जन्मभर दोऱ्याशीच संसार केलेली बाई मी, आणि सहा वेळा पायाला दोरा लागला तो कळला नाही.

जखम भरायला अडीच महिने लागले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी असते ना, एचबीए1सी, ती 9.4 आली होती. रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. पट्टी सुटल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालायला लागले, आधी दहा मिनिटं, मग पाऊण तास. वर्षभरानं आकडा 7.6 वर आला. तेव्हा मनात वारीचं आलं. खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा खुमखुमी जास्त होती. मी अजून धडधाकट आहे, हे मला चारचौघांत दाखवायचं होतं.

आमच्या भागातून साठ-बासष्ट माणसांची एक छोटी दिंडी निघते. तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा आणि पाचव्या दिवशी पंढरपूर, अशी 75-80 किलोमीटरची वाट. शेगावची गजानन महाराजांची पालखीही सोलापूरहून याच वाटेनं पुढं जाते. शेजारच्या अक्का दरवर्षी जातात. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, दिवसाला हजार विड्या वळतात आणि वारी अनवाणी करतात. त्यांना मी वारीला येते एवढंच सांगितलं. इन्सुलिनचं नाही सांगितलं.

2025 ची आषाढी लवकर आली, 6 जुलैला. शाळा 16 जूनला उघडल्या, म्हणजे आमचा सीझन जेमतेम संपला होता आणि पाठ अजून मशीनच्याच आकाराची होती. डॉक्टरीणबाई जाऊ नका म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी अटी घातल्या. अनवाणी एक पाऊलही नाही. बूट संध्याकाळी विकत घ्यायचे, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. मोजे पांढरे, म्हणजे रक्त लागलं तर दिसेल. बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा. आणि रात्रीचा डोस त्यांनी कमी करून दिला.

हा डोस कमी का, ते मला तेव्हा नीट पटलं नव्हतं. वारीत तर पावलोपावली गोड! तिऱ्ह्याच्या अलीकडं, सीनेचा पूल यायच्या आधीच, मी मोजून सात ठिकाणी चहाला नाही म्हटलं. केळी, शिरा, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटाचे पुडे. लोक हात धरून देतात. "बिनसाखरेचा आहे का?" विचारलं तर एक आजोबा दुखावलेच. "माउली, वारीत कसली आलीय शुगर? इथं सगळं पचतं," म्हणाले. चहा घेतला. कपात चमचा उभा राहील इतकी साखर. त्यांचा मान राखला, आणि पुढच्या वळणावर उरलेला अर्धा कप लिंबाच्या बुंध्याला ओतला. पांडुरंगानं बघितलं असेल तर बघितलं असेल.

गंमत म्हणजे आजोबा अगदीच चुकीचे नव्हते. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही. दिवसभर चाललं की ही ओढ रात्री झोपेतही चालू राहते. माझा साखरेचा आकडा वाढला नाहीच, दुसऱ्या रात्री तो पडला.

कामतीला शाळेच्या वर्गात मुक्काम होता. बायका ओळीनं झोपलेल्या. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती पोलक्याची पाठ भिजलेली आणि हात थरथरत असलेले. छाती धडधडत होती, फळ्यावर कुणीतरी लिहिलेला सुविचार डोळ्यांपुढं हलत होता. साखर तपासायचं मशीन काढून बोट टोचलं, आकडा 58. सत्तरच्या खाली गेला की तीन चमचे साखर तोंडात टाकायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं, हे मला पाठ होतं. साखरेची पुडी मात्र मोठ्या पिशवीत, आणि पिशवी सामानाच्या टेम्पोत. उशाशी शेंगदाण्याचा लाडू होता. पण त्यातलं तेल-तूप साखरेला सावकाश चढू देतं, तो अशा वेळी उपयोगाचा नाही.

आणि तरीही मी कुणाला हाक मारली नाही. सगळ्या दमलेल्या, त्यांची झोप कशाला मोडायची, असं डोकं सांगत होतं. शुगर उतरली की डोकं असंच काहीबाही सांगतं म्हणतात. पण ते माझंच नेहमीचं डोकं होतं. मी भिंत धरून उठायला गेले आणि अक्कांच्या पायावर पडले.

"अय्यय्यो! काय गं, काय झालं?"

"साखर," एवढंच म्हणता आलं.

अक्कांनी कमरेची पिशवी सोडली. तंबाखूच्या डबीशेजारी खडीसाखरेची पुरचुंडी होती, सिद्धेश्वराच्या प्रसादाची. त्यांनी ती माझ्या तोंडात कोंबली, खडे दाताखाली कडाकडा वाजले. तंबाखूचा वास असलेली खडीसाखर. पंधरा मिनिटांनी आकडा 84 झाला. मग त्यांनी कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणी लावून हातात दिला आणि मी तो संपवेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. संपल्यावर बोलल्या.

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला? मेली असतीस तर तुझ्या लेकीला मी काय सांगणार होते?"

सकाळी काकडा झाला, आणि विणेकरी मामांनी वीणा गळ्यात घालायच्या आत अक्कांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "हिला शुगर हाय, सुई घेती. रातीला पडली. आणि कोण कोण लपवतंय, हात वर करा." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. एक हात वर आला, पखवाजवाल्याचा. मग डोक्यावर तुळस घेणाऱ्या काकूंचा. मग चौदा. गोळ्यांचे बारा, सुईवाले माझ्यासकट तीन. मामा म्हणाले, "मला शुगर नाही, पण दोन स्टेंट आहेत. मोजायचे असतील तर मोजा." तेवढ्या सकाळीसुद्धा हशा पिकला.

त्या दिवसापासून आमच्या दिंडीत काही बदल झाले. खडीसाखरेच्या पुरचुंड्या चौघींच्या कमरेला आल्या. माझी इन्सुलिनची पेनं स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती ओलं फडकं, आणि तो डबा टेम्पोवाल्या भावाच्या सीटखाली सावलीत. वापरात असलेलं पेन महिनाभर फ्रिजशिवाय चालतं, पण 30 अंशांच्या वर तापू द्यायचं नसतं. भाऊ दर विसाव्याला फडकं भिजवायचा आणि मोठ्यानं ओरडून सांगायचा, "औषधाला अंघोळ घातली!"

विसाव्याबद्दलही थोडं सांगायला हवं. बाहेरून वारी म्हणजे अखंड चालणं वाटतं. आत गेल्यावर कळतं की वारी थांबण्यावर चालते. पहाटेचा काकडा, सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, सावलीत घटकाभर पडणं, पुन्हा विसावा, मुक्कामी हरिपाठ. कुठं थांबायचं ते निघायच्या आधी ठरलेलं असतं, आणि मामांचे पाय कितीही चांगले चालत असले तरी ठरल्या झाडाखाली वीणा थांबते. मी मात्र मशीनवर एका बैठकीत चारशे कॉलर मारल्याचा अभिमान बाळगणारी. पहिले दोन दिवस विसाव्याला मी उभीच राहायचे, बसलं तर लोक दमली म्हणतील म्हणून. तिसऱ्या दिवसापासून बसले. नुसती बसले नाही, बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला पसरले.

माचणूरला भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या वेळचा किल्ला. संध्याकाळी गावातल्या पोरांनी वारकऱ्यांसाठी घमेल्यांत गरम पाणी, मीठ आणि तेल आणलं. शेजारच्या बाईनं घमेलं माझ्यापुढं सरकवलं. मी सवयीनं पाय टाकणार होते, आणि एकदम आठवलं, म्हणून कोपर बुडवून बघितलं. चटका बसला. ज्या पायांना सुई कळली नाही त्यांना हे पाणी काय कळणार होतं? फोड आल्यावरच समजलं असतं. मी पोराला म्हटलं, "बाळा, मला गारच दे." तो हिरमुसला. मग मी त्याला सुईची गोष्ट सांगितली, तर तो धावत जाऊन आपल्या आजीला घेऊन आला. म्हणाला, हिचेपण पाय बघा.

तिथंच ते सुरू झालं. हरिपाठानंतर आम्ही पंधराजण भिंतीला टेकून पाय लांब करून बसलो आणि आठवीतला तो पोरगा मोबाईलचा उजेड पाडत ओळीनं सगळ्यांचे तळवे बघत गेला. टाचेची भेग, बोटांमधला ओलेपणा, नखाशेजारचा लालसरपणा. "तळवे दाखवा, माउली," असं म्हणत होता. वारीत लहान-थोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. पाया पडताना पायाकडं मात्र कुणी बघत नाही, माझंही तेच झालेलं. आजीच्या दोन बोटांच्या मध्ये चिखल्या झालेल्या निघाल्या. अक्कांचे तळवे चाळीस वर्षं अनवाणी चालून बैलाच्या खुरासारखे झालेले. पोरानं नखानं खाजवलं तर त्या खिदळल्या. सगळं जाणवत होतं त्यांना. मला हेवा वाटला.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या देवळात मी फार वेळ थांबले नाही, पाय जड झाले होते. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं उघडून लोकांना जगवलं म्हणून त्यांचं नाव निघतं. मला त्या दिवशी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारीच जास्त भावली. गरम भाकरी आणि पिठलं, पोटभर.

दशमीला शेवटचा टप्पा, सगळ्यात लांब, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. गोपाळपूर आलं तेव्हा दुपार कलली होती. तिथून पंढरपूर हाकेच्या अंतरावर. मनात एकच, शेवटचा तुकडा सगळ्यांबरोबर नाचत जायचं. विसाव्याला मोजा काढला तर करंगळीजवळ पांढऱ्या कापडावर पाणी आणि किंचित लाल. शिवणीची कड आत वळली होती. मोज्याची शिवण! शिंपीणबाईला शिवणीनंच गाठलं.

फोड अजून पूर्ण फुटला नव्हता. दुखत अजिबात नव्हतं. दीड-दोन किलोमीटरच तर राहिलेत, असं मी म्हणणार होते. अक्कांनी तळव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि टेम्पोवाल्या भावाला हाक मारली.

मी वाद घातला नाही. फोड धुतला, न फोडता त्यावर कोरडं पॅड लावलं आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून वर चढले. आत पातेली, तंबूचे बांबू, बासष्ट वळकट्या. मी वळकट्यांवर बसून पाय भाताच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवले. टेम्पो थोडा पुढं गेला आणि पोलिसांनी गर्दीसाठी बाजूला थांबवला, तो थांबलाच. पंधरा-वीस मिनिटांनी मागून पखवाज ऐकू आला. आमचीच दिंडी. मामा वीणा घेऊन टेम्पोशेजारून गेले आणि मान हलवून हसले. मग टाळकरी गेले, तुळस गेली.

अक्का शेवटी आल्या. अनवाणी, धुळीनं पोटऱ्यांपर्यंत पांढऱ्या. त्यांनी चालता चालता टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि हातातले टाळ माझ्याकडं फेकले.

"बसल्या बसल्या वाजव गं! हात तर बधिर नाहीत ना तुझे?"