बाईंचा फुलस्केप

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि शाळेची पंचाहत्तर वर्षं बाजूलाच राहिली. आठवल्या त्या फक्त बाई. नाव लिहीत नाही. वादविवादाच्या बाई म्हटलं की आपल्याकडे दुसरं कोणी नाहीच.

बाईंची पद्धत अशी. फुलस्केप कागद उभा दुमडायचा. डावीकडे विधान, उजवीकडे ते कुठून आलं: वर्तमानपत्र, तारीख, पान. उजवी बाजू कोरी राहिली तर डावीकडचं विधान खोडायचं, मग ते कितीही टाळ्या घेणारं असो. तयारी दोन्ही बाजूंची करायची. अनुकूल की प्रतिकूल, ते बोलायच्या आधी दहा मिनिटं चिठ्ठीवर ठरे. वेळ सात मिनिटं. पाचव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पुढची दोन मिनिटं खंडनाला. घोळ इथेच व्हायचा. पाठ केलेलं भाषण घंटेपाशी थांबत नाही आणि खंडन राहून जातं.

2001 च्या वर्षाअखेरीचा विषय एन्रॉनचा होता, म्हणजे कोकणात दाभोळचा वीजप्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकी कंपनीचा. 'सभागृहाच्या मते दाभोळचा वीजखरेदी करार राज्याच्या हिताचा नव्हता.' प्रतिकूल बाजूचा पहिला वक्ता उभा राहायच्या आधीच हरल्यासारखा दिसत होता, कारण 2 डिसेंबरला अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. अनुकूल बाजूने तेच पहिलं वाक्य केलं. बाईंनी तिसऱ्याच मिनिटाला घंटा वाजवली आणि खडू हातात घेतला.

"ह्यूस्टनमध्ये कंपनी बुडाली ती हिशेबाबाहेर लपवलेल्या कर्जांनी. आपल्या वीज मंडळाने दाभोळची वीज घेणं थांबवलं मे महिन्यात. डिसेंबरच्या बातमीने मेमधली गोष्ट कशी सिद्ध कराल?"

मग फळ्यावर गणित. स्थिर आकार समजा 100 रुपये. मंडळाने 100 युनिट उचलले तर युनिटमागे एक रुपया. 40 च उचलले तर अडीच. इंधनाचा खर्च वेगळा. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार भरायचाच, असं करारात होतं. म्हणून महागड्या महिन्याचा दर घेऊन कोणी उभं राहिलं की बाईंचा प्रश्न ठरलेला: "त्या महिन्यात वीज किती उचलली?"

प्रकल्पाचा पहिला टप्पा 740 मेगावॅटचा, नाफ्त्यावर (खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर) चालणारा, मे 1999 मध्ये सुरू झालेला. नाफ्त्याचा भाव जागतिक बाजारावर, आणि देणं डॉलरशी बांधलेलं. 1993 मध्ये करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये 47 च्या घरात. बाई म्हणत, प्रतिकूल बाजूला खरं बळ इथेच आहे: तेल आणि रुपया काही कंपनीच्या हातात नव्हते. अनुकूल बाजूने विचारायचं ते एवढंच, की मग तो धोका सगळा ग्राहकाच्या अंगावर का टाकला? 1995 मध्ये करार रद्द करून 1996 मध्ये पुन्हा केला, तेव्हाही का राहू दिला?

'एन्रॉन चोर आहे' हा मुद्दा त्यांनी कधीच चालू दिला नाही. परीक्षक मात्र आवेशालाच गुण देत, त्यामुळे ढाली फारशा आल्या नाहीत. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सध्या पुण्यात कंपन्यांचे खरेदी करार तपासायचं काम करतो. 'घ्या अथवा पैसे भरा' हे कलम आलं की पेन्सिल आपोआप थांबते आणि समासात 40 युनिटांचं गणित मांडलं जातं. सभागृहात आता संगणककक्ष झाला आहे म्हणे. मुलं फोनवर बातमीचा मथळा दाखवतात. तारीख विचारली तर वर सरकवत बसतात. उजवी बाजू कोरीच.

बाईंच्या कात्रणांची जाड वही ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात असायची. कक्ष हलवताना ती रद्दीत गेली नसेल, तर 2001 ची पानं तेवढी कोणीतरी फोटो काढून पाठवावीत. मे महिन्याच्या कात्रणांवर बाईंनी लाल शाईने दर लिहून ठेवले होते.