मारुती ८०० ची रूफ लाईट, अपडेट ३: दारं बंद, तरी काजवा चालू

सापडलं मंडळी, सापडलं! सहा संध्याकाळी, दोन डोअर स्विच, मल्टिमीटरचा एक फ्यूज आणि मानेतली एक लचक एवढ्या खर्चात सापडलं. आणि कुठे सापडलं ते वाचून हसू नका.

मागे कुठवर आलो होतो ते आठवत असेलच. ड्रायव्हरचं दार उघडलं की लाईट लागत नव्हती, पण रूफ लाईटचं बटण कायम चालूवर टाकलं की लागायची, म्हणजे बल्ब आणि प्लस दोन्ही ठीक, अर्थ (बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जाणारी वाट) गायब. डोअर स्विच (दार उघडलं की लाईटला अर्थ जोडून देणारा) ज्या एका स्क्रूने बॉडीला धरलेला असतो तोच त्याचा अर्थ, आणि आमच्या १९९८ च्या गाडीत त्या स्क्रूखाली २५ पावसाळ्यांचा गंज. पॉलिश पेपर मारून पत्रा चकचकीत केला, नवीन स्क्रू, वरून थोडी व्हॅसलिन, काम फत्ते. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण हातोहात एलईडी बसवायचा किडा चावला.

(एलईडीबद्दल एक रडगाणं. हे फेस्टून बल्ब, म्हणजे दोन्ही टोकांना टोप्या असलेले नळीसारखे बल्ब, ३१, ३६, ३९, ४१ मिमी अशा मापात येतात, मी उत्साहात न मोजता ऑनलाइन मागवले, अर्थातच चुकले. शेवटी नाना पेठेतल्या एका काऊंटरवर जुना बल्ब दाखवला, त्या माणसाने न मोजता बरोबर माप काढून हातात ठेवलं. फक्त रंग पांढराफटक निघाला, गाडीत बसलं की डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.)

तर एलईडी लावला, दार उघड-बंद करून पाच मिनिटं बालिशपणे खूश झालो. रात्री पार्किंगमध्ये सहज नजर गेली तर सगळी दारं बंद आणि आत लाईट मिणमिणतेय. अगदी मंद, काजव्यासारखी. बटण बंदवर टाकलं की पूर्ण विझते, दारवाल्या पोझिशनला आणलं की काजवा हजर. म्हणजे दाराच्या वायरमधून कुठेतरी चोरून अर्थ मिळतोय. साधा १० वॉटचा बल्ब होता तेव्हा हे दिसलंच नसतं, त्याला नीट पेटायला पाऊण अँपच्या वर करंट लागतो, एलईडीला एखादा मिलीअँपसुद्धा पुरतो. थोडक्यात रोग जुनाच, दिसला मात्र आत्ता.

पहिला संशय पावसावर. गेले पंधरा दिवस पुण्यात जी झड लागलीय त्यात काय ओलं नाहीये? स्विच काढले, बायकोचा हेअर ड्रायर मारला (नंतर बोलणी खाल्ली), डब्ल्यूडी-४० (ओल हटवणारा स्प्रे) मारलं, फरक शून्य. दोन्ही बाजूचे स्विच नवीन घातले. एक टीप, नवीन स्विच घेताना रबरी टोपी दाबून बघा, मला मिळालेल्यातल्या एकाची टोपी पहिल्याच आठवड्यात फाटली. फरक तरीही शून्य. मग एलईडी उलटा-सुलटा करून पाहिला, रूफ लाईटचं स्लायडिंग बटण उघडून पितळी पट्ट्या घासल्या. काजवा मजेत.

चौथ्या संध्याकाळी डोकं थोडं चाललं. दोन्ही डोअर स्विच सरळ सोडवून ठेवले. आता तर दाराची वायर कुठेच टेकत नाही ना? तरी काजवा चालू!! म्हणजे स्विच निर्दोष, आजार वायरिंगमध्ये.

म्हटलं मोजू किती करंट जातोय, म्हणून स्विच परत जोडले, बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावला, मिलीअँपवर. आणि नेमकी आई छत्री घ्यायला आली आणि तिने मागचंपुढचं न बघता दार उघडलं. आता विचार करा, बल्ब नाही, मधे फक्त मीटर, दार उघडलं म्हणजे बारा व्होल्ट सरळ बॉडीला. मीटरमधला २०० मिलीअँपचा फ्यूज तिथल्या तिथे गेला. आईला काही बोललो नाही, चूक माझीच. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन काचेचे फ्यूज घेतले, एकाच्या जागी दहा, आपली कुवत ओळखून.

मग शहाणा झालो. बल्बच्या जागी १ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि मीटर व्होल्टवर, रेझिस्टरला पॅरलल. आता कोणीही दार उघडो, फार तर १२ मिलीअँप जाणार, काही जळत नाही, आणि जेवढे व्होल्ट दिसतील तेवढेच मिलीअँप, गणित करायची गरज नाही. दारं बंद, रीडिंग १.१ व्होल्ट. म्हणजे १.१ मिलीअँप गळतोय. हे रीडिंग बघून जो आनंद झाला तो बोर्डाच्या निकालाला झाला नव्हता.

इथे एक मोह झाला ते कबूल करतो. तोच रेझिस्टर एलईडीला पॅरलल ठेवून दिला की काजवा मरतो, कारण १.१ व्होल्टवर एलईडी पेटतच नाही. करून पाहिलं, खरंच विझला. बरेच जण इथेच थांबतात. पण गळती कुठे जातेय ते न कळता झोप कशी लागणार, आणि आमची बॅटरी दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली की बसते हे पण डोक्यात होतंच.

पाचवी आणि सहावी संध्याकाळ ड्रायव्हरच्या पायाशी उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून, दाराची वायर हाताने चाचपत गेली. फ्यूज बॉक्सच्या मागे, वर, अजिबात दिसणार नाही अशा जागी, काळ्या टेपचा एक लिबलिबीत गोळा. टेप सोलली, चिकटा कोपरापर्यंत. आत दाराच्या वायरीचं कव्हर सोलून तिला नुसता पीळ मारून जोडलेली एक पातळ वायर, सोल्डर नाही, काही नाही, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा. पीळ सोडवला, मीटर ०.००. परत लावला, १.१. परत सोडवला, ०.००. असं आठ-दहा वेळा केलं, उगाच, मजा म्हणून.

डबा घेऊन वर गेलो. बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "अरे हा तो अलार्म. तुझा स्टिरिओ चोरीला गेला होता ना, तेव्हा बसवला होता. भोंगा बिघडला म्हणून भोंगा काढून टाकला." आणि डबा? "डबा कशाला काढायचा, पैसे दिले होते की." सहा संध्याकाळी हा माणूस गॅलरीतून मला गाडीखाली सरपटताना बघत होता!

आता खरी गंमत. बॅटरीची मायनस काढून मधे मीटर लावला. डबा जोडलेला असताना गाडी बंद ठेवून ५२ मिलीअँप, डबा काढल्यावर ७, ते बहुधा स्टिरिओच्या मेमरीचे. फरक ४५ मिलीअँप, दिवसाला जवळपास १ अँपअवर, तीन आठवड्यांत बावीस-तेवीस, आणि बॅटरी आहे ३५ ची. आम्ही इतकी वर्षं बॅटरीवाल्याला शिव्या घालत होतो.

पीळ कापून टाकला, मूळ वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. टेप नाही. टेपवर माझा विश्वास उडालाय.

प्लॅन होता सगळीकडे एलईडी करायचे, डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागेसुद्धा. पण लिहिता लिहिता विचार बदलतोय. गळती गेली, तर मग जुना पिवळा बल्बच का नको? काल रात्री परत लावून बघितला, सीटचं ते मळकट चॉकलेटी कापड एकदम ओळखीचं दिसायला लागलं. रूफला बल्बच राहणार, एलईडी फक्त डिकीत, तिथे मुळात लाईटच नाहीये आणि डेंटिस्टचा उजेड तिथे उपयोगी पडेल. त्यासाठी डिकीला वेगळा स्विच लागेल, एखादा जुना डोअर स्विच सुकवून ठेवलाय तोच चालेल का बघतो, स्क्रूचा पत्रा आधी घासून. हीटरच्या दांड्यांमागचा दिवा अजून बंदच आहे, तो पुढच्या रविवारी, पाऊस थांबला तर.