बंदी उठवायची की नाही?

व्याख्यान संपून दिवे लागले, की तिसऱ्या-चौथ्या रांगेतून प्रश्न येतोच. "मॅडम, नंदादेवीवरची बंदी उठायला हवी की नको? एका वाक्यात सांगा." नंदादेवी म्हणजे उत्तराखंडातलं हिमशिखर, आणि गेली चाळीसेक वर्षं त्यावर चढाईला बंदी आहे. शाळेत विचारतात, ज्येष्ठ नागरिक संघात विचारतात. एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी जिलबी खाता खाता विचारलं. मी दर वेळी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि घरी येऊन स्वतःवरच चिडते. एका वाक्याचं उत्तर माझ्याकडेही एके काळी होतं. त्याचं काय झालं ते एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या पंगतीत मलाही जिलबी खाता येईल.

आधी दोन गोष्टी बाजूला काढते, कारण मूळ प्रश्नाच्या मागोमाग त्या येतातच. पहिली म्हणजे 'तो अणुबॉम्ब'. अहो, तो बॉम्ब नव्हता. चीनच्या अणुचाचण्यांवर कान ठेवणारं यंत्र होतं आणि त्याला वीज पुरवणारा प्लुटोनियमचा जनित्र होता. 1965 मध्ये अमेरिकेची सीआयए आणि आपल्या गुप्तचर खात्याने तो नंदादेवीवर चढवायला घेतला, वादळ आलं, म्हणून वरच कड्याला बांधून ठेवला. पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर जागेवर नाही. 1978 साली मोरारजी देसाईंनी हे संसदेत सांगितलं, त्यामुळे यात मी काही गौप्यस्फोट करत नाही. 7 फेब्रुवारी 2021 ला ऋषीगंगेला पूर आला तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता: "त्याच्यामुळेच ना?" नाही. रोंती शिखराखालचा खडक बर्फासकट कोसळला होता.

दुसरी गोष्ट 'देवीचा कोप'. 1939 साली चार पोलिश गिर्यारोहक नंदादेवीच्या शेजारच्या जुळ्या शिखरावर, नंदादेवी ईस्टवर, आले. 2 जुलैला बुयाक आणि क्लार्नर शिखरावर पोचले. त्याच महिन्यात जवळच्या तिरसुली शिखरावर हिमप्रपातात कार्पिन्स्की आणि बेर्नाजिकेविच गेले. पुढे बुयाक 1945 मध्ये इंग्लंडात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बेपत्ता झाला आणि क्लार्नर 1949 मध्ये वॉर्सातून. चौघांपैकी एकही धड राहिला नाही, हे सांगितलं की सभागृह एकदम शांत होतं. मला त्या शांततेचा राग येतो. मधल्या काळात पोलंडवर काय गुजरलं हे कोणाला आठवत नाही, देवी मात्र लगेच आठवते. आणि कोपच म्हणायचा, तर 1936 साली मुख्य शिखरावरच्या पहिल्या चढाईच्या वेळी बेस कॅम्पवर आजारपणाने गेलेल्या कितार शेर्पाचं नाव निदान घ्या. टिलमन आणि ओडेल 29 ऑगस्टला 7816 मीटरवर उभे राहिले. 1950 मध्ये अन्नपूर्णा चढली जाईपर्यंत माणसाने त्याहून उंच शिखर सर केलेलं नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कितार कोणालाच ठाऊक नसतो.

आता मूळ प्रश्न. मी कॉलेजात असताना, 1981 साली, रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल नंदादेवीच्या माथ्यावर पोचल्या. त्या वर्षी मी लोणावळ्याजवळच्या ड्यूक्स नोज कड्यावर पहिल्यांदा दोराला लटकले होते. हिमालय पाहिलेलाही नव्हता, पण पुढची तुकडी आपलीच असं ठरवून टाकलं. दोनच वर्षांत दार बंद. शिखराभोवतीचं सगळं खोरं राष्ट्रीय उद्यान झालं, 1988 मध्ये जागतिक वारसा झालं, आणि मोहिमा थांबल्या त्या थांबल्याच. 1993 मध्ये सैन्याच्या इंजिनिअर्सची एक मोहीम गेली. त्यांनी शिखर गाठलं, शास्त्रज्ञांना बरोबर नेलं, जुना कचराही खाली आणला. ते वाचलं तेव्हा माझा जळफळाट झाला. सैन्याला चालतं, मग आम्हाला का नाही? तेव्हा मी 'डोंगर मोकळा करा' असं एक लांबलचक पत्र लिहून क्लबातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. 'आम्ही जे वर नेऊ ते खाली आणू,' हे त्यातलं वाक्य माझं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

त्या वाक्याचं पुढे काय झालं, तेच खरं सांगायचं आहे.

मुख्य शिखर बंद असलं तरी तिचं जुळं, 7434 मीटरचं नंदादेवी ईस्ट, मुनस्यारीच्या बाजूने परवानगी काढून चढता येत होतं. आम्ही तिकडे गेलो. लिलम, बुगडियार, रिलकोट, मार्तोली. मार्तोलीत दगडी घरांच्या ओळी, कोरीव चौकटी, आणि निम्म्या घरांना छप्पर नाही. तिबेटचा व्यापार 1962 मध्ये तुटला आणि जोहार खोऱ्यातली गावंच उठली. उन्हाळ्यात थोडी कुटुंबं वर येतात, बटाटा लावतात, गावाच्या वरच्या अंगाला नंदादेवीचं देऊळ आहे तिथे पूजा करतात. मग ल्वां, मग भदेली ग्वारची कुरणं, आणि तिथून समोर लाँगस्टाफ कोल, म्हणजे धारेवरची खिंड, 5910 मीटर. पोलिश मंडळी याच वाटेने गेली होती. सह्याद्रीतली एखादी उभी नाळ घ्या, ती बर्फाने भरा आणि दीड हजार मीटर ताणा, म्हणजे ती वाट. वरचे दगड सकाळी दहानंतर सुटायला लागतात.

आमच्यात एक जण सामानाचा कारभारी होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती आणि तिच्यात दोन रकाने: 'वर' आणि 'खाली'. प्रत्येक दोर, बर्फात ठोकायचा प्रत्येक स्नो-बार, प्रत्येक गॅसचा डबा पिवळ्या रंगाने आकडा घालून नोंदलेला. बिस्किटांची वेष्टनंसुद्धा तो मोजायचा आणि आम्ही त्याला त्यावरून छळायचो. माझं पत्रातलं वाक्य खऱ्या अर्थाने पाळणारा माणूस तोच.

कोलवर तंबूला जेमतेम जागा होती. एका बाजूला आम्ही चढलो ती नाळ. दुसऱ्या बाजूला मान वळवली की सँक्चुअरी, म्हणजे ते बंद केलेलं खोरं: शिखरांचं अखंड कडं, त्यातून बाहेर पडायला ऋषीगंगेच्या घळीखेरीज फट नाही, आणि मधोमध नंदादेवी. कॉलेजपासून जे पाहायचं होतं ते तिथे पुढ्यात होतं. पाय ठेवायची मुभा नव्हती, पण बघायला कोण अडवतं? मी बराच वेळ बघत बसले. आमचा कारभारी मागे स्टोव्हशी खुडबुडत होता. रात्री डोकं दुखतंय म्हणाला. डोकं सगळ्यांचंच दुखत होतं.

सकाळी तो हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कमरपट्टा, चढवत होता. बकलमधून पट्टा काढून परत आत ओवायचा असतो. वर्षानुवर्षं अंधारात, झोपेत केलेलं काम. त्याने पट्टा आत घातला, बाहेर काढला, पुन्हा त्याच बाजूने आत घातला. मग माझ्याकडे बघून हसला. "ताई, हे कोणाचं आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझंच." तो म्हणाला, "मग चहा झाल्यावर घालतो," आणि मांडी घालून बसून राहिला. चहा हातात दिला तर तो मोज्यावर ओतला आणि त्याकडे बघत राहिला. उभं करून चार पावलं चालायला सांगितलं तर दुसऱ्याच पावलाला झोकांडी गेली. मेंदूला सूज. वर्गात शिकवलेलं सगळं जसंच्या तसं समोर, आणि तरी पहिली काही मिनिटं मी स्वतःला सांगत होते की रात्रभर झोप नाही म्हणून असेल.

मुनस्यारीचा जो मुलगा आमच्याबरोबर होता, त्याने मला तेवढी मिनिटंही दिली नाहीत. "दीदी, दाज्यू को अभी उतारना है. सामान छोड़ो." मी कारभाऱ्याला डेक्साचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. धारेवर पुढे दोर लावायला गेलेले दोघं हाका ऐकून परतले. त्यातल्या एकाने विचारलं, की खाली न्यायला तिघं पुरतील का, हवामान अजून दोन दिवस धरेल. त्याच्यावर तेव्हा मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता वाटतं, त्याने फक्त विचारलं होतं. शिखराची धार त्याच्या डोळ्यांसमोर होती.

मग दिवसभर उतार. एक दोर लावायचा, त्याला सोडायचं, खाली धरायचं, मग दोर बांधायचा पुढचा अँकर. तो मध्येच स्वतःला दोराशी जोडणारी कॅराबिनरची कडी उघडायला जायचा, म्हणून त्याच्या तोंडापाशी तोंड धरून कोणीतरी सतत बोलत राहायचं. दहानंतर दगड सुरू झाले. त्याला खाली उतरवायला म्हणून लावलेले दोर सोडवायला कोणी परत वर चढलं नाही. कोलवर तंबू तसेच, आत स्लीपिंग बॅगा, स्टोव्हवर भांड्यात अर्धवट वितळलेला बर्फ. अंधार पडल्यावर नाळेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा तो पहिल्यांदा धड वाक्य बोलला: पाणी मागितलं.

तो वाचला. अगदी ठणठणीत आहे. पण बेस कॅम्पवर शुद्धीत आल्यावर त्याने वही मागितली. मी दिली. त्याने एकेक ओळ बोटाने खाली खाली नेत विचारलं, हे आलं का, हे आलं का. तंबू? दोर? डबे? मी "नाही" म्हणत गेले. वरच्या मुक्कामांच्या पानांवर 'खाली'चा रकाना जवळजवळ कोराच राहिला. त्याने वही मिटली, काही बोलला नाही, आणि परतल्यावर पुन्हा क्लबात आला नाही. आपण बोजा झालो, असं त्याला वाटलं की आपण ज्यासाठी सगळ्यांना छळत होतो ते आपल्यामुळेच मोडलं, असं वाटलं, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. तो माझ्याच शहरात राहतो.

कोणी म्हणेल, माणूस मरत असताना दोर कोण मोजतो? बरोबर. आज तीच वेळ आली तर मी तेच करीन, तंबूकडे वळूनही न बघता. पण म्हणूनच 'आम्ही जे वर नेऊ ते खाली आणू' हे वाक्य मला आता म्हणवत नाही. ते चांगल्या हवेतलं वाक्य आहे. आमचे पिवळे आकडे घातलेले दोर अजून त्या नाळेत कुठेतरी असतील.

माझ्यातली ती पत्र लिहिणारी बाई गप्प बसत नाही, हेही सांगते. ती म्हणते, तुमच्या दोन तंबूंनी डोंगर मेला का? सँक्चुअरीची वाट लागली ती वरच्या बर्फात नाही, खालच्या कुरणांत. 1974 ते 82 मध्ये मोहिमांमागून मोहिमा आणि ट्रेकर घुसले, शेकडो हमाल भूर्ज आणि जुनिपर तोडून चुली पेटवायचे, कस्तुरीमृग मारले जायचे. त्यावर उपाय म्हणजे संख्या आवरा, रॉकेल न्या, सरपण बंद करा. दार कायमचं लावून घेणं हा कसला उपाय? तिचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

आणि बंदीचा भार कोणावर पडला? माझ्यावर? मी पुण्यात बँकेत नोकरी करून शनिवार-रविवार डोंगर चढत होते. भार पडला तो उद्यानाला लागून असलेल्या लाता आणि रैणी गावांवर. चिपको आंदोलनात रैणीच्या गौरा देवींनी 1974 मध्ये बायकांना घेऊन झाडं वाचवली, आणि त्यांच्याच माणसांना पुढे त्या जंगलात पाय ठेवायची चोरी झाली. हमाली गेली, चराई गेली. 1998 मध्ये लाताचे लोक 'झपटो-छीनो', म्हणजे झडप घाला, हिसकावून घ्या, म्हणत उद्यानात शिरले. 'मोकळा करा' म्हणणाऱ्या माझ्या पत्राची ती सगळी पानं आणि त्यात त्यांचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता. पुढे थोड्या ट्रेकर्सना थोड्या अंतरापर्यंत सोडायला लागले, तेही स्थानिक वाटाड्याबरोबर. ते मला पटतं. पण शिखर मोकळं झालं तर लाताच्या वाट्याला काय येईल? ओझी वाहणं, आणि कोलवरच्या त्या मुलासारखं दुसऱ्याचा जीव वाचवणं. आमच्या अहवालात त्या मुलाचं आभारप्रदर्शन आहे, शेवटच्या पानावर.

अधूनमधून बातमी येते, की आता बंदी उठणार. मग फोन सुरू होतात. बंदी असू दे म्हटलं, तर स्वतः डोकावून आलेली बाई दुसऱ्यांना अडवते असं होतं. उठवा म्हटलं, तर ती वही आठवते. लातावाल्यांना विचारा म्हटलं, तर प्रश्न टाळल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर तो मी टाळतेच.

शिवाय परवानगी निघालीच तर माझा अर्ज असेल का, हेही तुम्ही विचाराल. असेल. साठी उलटली आहे, पण गुडघे अजून ठीक आहेत.